सोशल मीडिया 2030 पर्यंत संपणार हे खरं आहे का? दुकानाचं पेज आत्ताच बंद करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की एका व्हिडिओत "2030 नंतर फेसबुक-इन्स्टाचं नामोनिशाण उरणार नाही" असं ऐकलं आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. व्हिडिओ पाहिलात तो सोशल मीडियावरच ना? शेवटी चॅनेल सबस्क्राइब करायलाही सांगितलं असेल. जे बुडणार याची एवढी खात्री आहे, तिथे हे गृहस्थ सबस्क्रायबर कशाला जमवत बसलेत, हे आधी विचारा.

मी सोलापूरचा. भविष्य ऐकायची आमच्या गावाला जुनी सवय. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, बोरं असं काय काय मांडतात. ते ज्याला तोंड लावेल ते महागणार, मूत्र टाकलं तर पाऊस बरा, बिथरलं तर वर्ष काळजीचं. माझा विश्वास नाही, पण बघायला जातो. त्यातली एक गोष्ट मला पटते. ते भाकीत फक्त एका वर्षाचं असतं, तेही पाऊसपाण्याचं आणि भावाचं. पुढच्या जानेवारीत पुन्हा सगळ्यांसमोर भाकणूक करावीच लागते. जगबुडीवाल्यांना असलं काही बंधन नाही.

फेब्रुवारी 1962 ची अष्टग्रही घ्या. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून देशभर यज्ञ झाले, लोक घाबरून बसले. ग्रह आले, गेले. पुढे ऑक्टोबरात चीनचं युद्ध झालं. आमच्या वाड्यातले एक आजोबा मरेपर्यंत सांगायचे, "बघ, म्हटलं होतं की नाही!" म्हटलं होतं फेब्रुवारीत, घडलं ऑक्टोबरात, तेही प्रलय नव्हे, युद्ध. तरी हिशेब जुळला. 21 डिसेंबर 2012 ला मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या कालगणनेवरून जग बुडणार होतं, तेव्हा तारीख उलटल्यावर कुणी हिशेबही मागितला नाही.

सोशल नेटवर्कचा प्रलय शिकलेल्या लोकांनीही वर्तवलाय. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी साथीच्या रोगाचं गणित फेसबुकला लावलं. साथ पसरते तसे लोक येतात, साथ ओसरते तसे जातात. फेसबुकआधी गाजलेलं मायस्पेस नावाचं नेटवर्क कसं ओसरलं ते गूगल सर्चच्या आकड्यांवरून ताडून पाहिलं आणि निष्कर्ष काढला की 2015 ते 2017 च्या दरम्यान फेसबुकचे 80 टक्के वापरकर्ते गळणार. यावर फेसबुकच्या माणसांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी तशाच पद्धतीने प्रिन्स्टनचेच आकडे मांडले आणि सिद्ध करून दाखवलं की 2021 पर्यंत प्रिन्स्टनमध्ये एकही विद्यार्थी उरणार नाही! प्रत्यक्षात 2017 च्या जूनमध्ये फेसबुकने महिन्याला 200 कोटी वापरकर्त्यांचा आकडा ओलांडला. प्रिन्स्टनही भरलेलंच आहे.

म्हणजे ही नेटवर्कं अमर आहेत का? अजिबात नाही. ऑर्कुट आठवतंय? 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. कॉलेजातल्या पोरांनी एकमेकांना लिहिलेल्या टेस्टिमोनियल, रात्र रात्र जागून टाकलेले स्क्रॅप, सगळं गेलं, आणि गल्लीत कुणी हूं का चूं केलं नाही. कारण माणसं त्याआधीच फेसबुकवर निघून गेली होती. गूगल प्लस एवढ्या मोठ्या कंपनीचं, तेही 2019 ला गुंडाळलं. टिकटॉक तर 29 जून 2020 च्या सरकारी आदेशाने आपल्याकडे थांबलं. आमच्या जिल्ह्यात शेताच्या बांधावर नाचून नाव कमावलेली पोरं होती. त्यांचे फॉलोअर एका रात्रीत शून्य. कुठल्याच ज्योतिषाने वा तज्ज्ञाने ती तारीख आधी सांगितली नव्हती. पण पंधरा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि त्यातली बरीचशी पोरं तिकडे नाचायला लागली.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या कापडगिरण्यांपैकी "जुनी गिरणी" बंद पडली, लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंग गिरजी बंद पडली. प्रत्येक वेळी "आता सोलापूर संपलं" असं ऐकू आलं. पण शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट थांबला नाही, टॉवेल आणि चादरी निघतच राहिल्या. पण म्हणून "काही बिघडलं नाही" असंही मी म्हणणार नाही. गिरणीतल्या बदली कामगाराला, म्हणजे कायम माणसाच्या जागी रोजावर येणाऱ्याला, विचारा. धंदा टिकला म्हणून त्याचा पगार टिकला नाही. तुमच्या प्रश्नातली खरी काळजी इथे आहे, 2030 मध्ये नाही.

मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून येतात. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास झोपले होते. ना ग्रहयोग होता, ना हल्ला. देखभालीच्या नेहमीच्या कामात एक आज्ञा चुकली आणि कंपनीची डेटा सेंटरं बाकी इंटरनेटपासून तुटली. दुरुस्तीला गेलेल्या त्यांच्याच माणसांना इमारतीत शिरायला त्रास झाला, कारण आतल्या यंत्रणाही त्याच जाळ्यावर. आमच्या मालकांना मात्र बेंगळुरूच्या व्यापाऱ्याचा नंबर पाठ होता. फोन केला, माल गेला.

आता पुढे काय, तर माझा आपला अंदाज. फेसबुकची उघडी भिंत ओस पडत चाललीय. तिथे ओळखीची माणसं कमी, अनोळखी रील्स आणि एआयने बनवलेले देवदेवतांचे फोटो जास्त. घरचं बारसं, मयत, लग्न हे सगळं केव्हाच बंद ग्रुपमध्ये गेलंय. तेव्हा "संपलं" म्हणायचं तर हे असं हळूहळू संपतंय, आणि त्याची बातमी होत नाही. फेसबुकवर रोज येणाऱ्यांचा आकडा पहिल्यांदा किंचित घसरलाय हे फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झालं, तेव्हा शेअर बाजारात कंपनीचे एका दिवसात 230 अब्ज डॉलर उडाले. सगळीकडे शोकसंदेश लिहून झाले. पुढे आकडा परत चढला. मला भीती वाटते ती कायद्याची आणि मालकाच्या लहरीची. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या पोरांची खाती बंद केली. ट्विटरचं नाव एका माणसाच्या मनात आलं म्हणून एक्स झालं. उद्या तुमच्या पेजचा रीच, म्हणजे तुमची पोस्ट किती लोकांना दिसते ते, कंपनीने निम्म्यावर आणला तर दाद कुणाकडे मागणार?

म्हणून पेज ठेवा, पण गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर तुमच्या स्वतःच्या वहीत हवेत. मालाचे फोटो मोबाईलबाहेर आणखी एका ठिकाणी साठवा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये आपली सगळी माहिती उतरवून घ्यायची सोय आहे, वर्षातून एकदा वापरा. जाहिरातीचा सगळा पैसा एकाच अॅपवर घालू नका. आणि त्या व्हिडिओवाल्याला कमेंटमध्ये 2031 साठी त्याचा घरचा पत्ता मागून ठेवा.