नवीन लागलेल्या आशाताईसाठी (गावातली आरोग्याचं काम करणारी बाई)
ताई, तू नवीन लागली म्हणून मी तुले सांगून राहिली. बाळंतिणीच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीपण, हे दिवस कोणी असेच नाही ठरवले. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी अन् डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते.

म्हणून भेटीचा फॉर्म आपल्या घरी बसून भरू नको, बाळाकडे जाऊनच भर. हात धू, वजन घे, ताप पाह्य अन् श्वास पूर्ण एक मिनिट मोज, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नको, काहून की एवढ्याशा लेकराचा श्वास एकसारखा नसते. शांत असताना ६० किंवा जास्त आला तर परत मोज, तरी तेवढाच तर लगेच दवाखाना. दूध ओढत नसेल, अंग थंड लागलं तरीपण. मी एकदा पोळ्यापायी चौदाव्या दिवसाची भेट टाळली, दुसऱ्या दिवशी गेली तं बाळ थंडगार, वाचलं पण मला अजून आठवते.

म्हणून भेटीचा दिवस बदलू नको, बदलायचा तर टाइम बदल. कापूस वेचणीत बाळंतिणीची सासू वावरात जायच्या आधी, सकाळी सातलाच जात जा, बाळाला मध चाटवायचं का नाही ते तीच ठरवते.