समांतर रेषेचे समीकरण: सुरुवात करणाऱ्यासाठी

सूत्रे पाठ करण्याआधी एवढेच पक्के करा, की समांतर रेषांचा चढ, म्हणजे क्ष एकने वाढल्यावर य किती बदलतो ते, समान असतो. दादरला अकरावीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे २क्ष + ३य = ६ या रेषेचा चढ थेट २ लिहिणे; य एकटा डावीकडे आणल्यावरच तो −२/३ असल्याचे कळते.

या रेषेला समांतर आणि (४, १) बिंदूतून जाणारी रेषा हवी असेल, तर क्ष आणि य यांचे सहगुणक, म्हणजे त्यांच्या आधीचे आकडे, तसेच ठेवून २क्ष + ३य = क असे लिहा (क ही शोधायची संख्या) आणि बिंदूचे निर्देशक त्यात घाला. ८ + ३ = ११, म्हणून उत्तर २क्ष + ३य = ११. मला ही रीत सर्वांत सोपी वाटते, कारण तिच्यात अपूर्णांकच येत नाहीत. उत्तर मिळाल्यावर तो बिंदू पुन्हा समीकरणात घालून पाहाच.

चढ उलटा करून चिन्ह बदलणे हे लंब रेषेचे काम आहे. घाईत दोन्हींची गल्लत होते. क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, त्यामुळे (२, ७) मधून जाणारी तिची समांतर रेषा सरळ क्ष = २ अशी लिहावी. दोन समांतर रेषांमधील अंतराचे सूत्र सध्या बाजूला ठेवा आणि आलेखकागदावर अशी पाच-सहा उदाहरणे स्वतः काढून पाहा. तुम्हाला नक्की जमेल.