एक पुस्तक परत आलं, का ते विचारायचं

ताई,

आंजर्ल्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक दहावीत आहे, वर्गाची मॉनिटर आहे, गेली दोन वर्षं घरोघर फिरून नववीची जुनी पुस्तकं गोळा करते नि गरजू मुलांना नेऊन देते. गणितात मात्र काठावर पास. ‘मोठेपणी मी देणगी देणारी होणार’ म्हणते. हे कसलं करिअर, सगळं बंद करून तिला अभ्यासाला बसवू का, असं तुम्ही विचारलंत.

बंद करू नका.

तिच्या वहीच्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. कोणाकडून काय आलं, कुणाला दिलं, सगळं ओळीने लिहिलंय. आणि खाली : ‘विज्ञान १ परत आलं. का ते विचारायचं.’ दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, हे विचारायचं मोठ्यामोठ्या देणगीदारांना सुचत नाही हो! आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, नववीला विकत घ्यावी लागतात. नेमकी ती अडचण तिने हेरली.

तुमच्या शेजारच्या मुरूडचेच धोंडो केशव कर्वे. परीक्षा द्यायला हा मुलगा घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला बसूच दिलं नाही. पुढे शिकले, 1891 मध्ये फर्ग्युसनला गणित शिकवायला लागले, आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. हे तिला जरूर सांगा, कारण गणित आणि सेवा ही दोन वेगळी कामं आहेत असं तिला वाटतंय. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर गरिबीतून वर आले, आधी बांधकामाच्या ठेक्यांत कमावलं, मग 1931 मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर बांधून दिलं.

तेव्हा रोज अर्धा तास गणित, आणि सुरुवात शेकडेवारीपासून, तिच्याच वहीतले आकडे घेऊन. पुस्तकांचं काम एप्रिल ते जून चालू दे. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत वर्गातल्या दोघा-तिघांवर ते सोपवायला लावा. काम वाटून देणं तिला जड जाईल, तरी ते आत्ताच शिकू दे.

दहावीनंतर मी कॉमर्स सुचवेन. विश्वस्त संस्थांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. तो पैसा नीट जागी पोचवणारी माणसं हवी असतात. अकरावी-बारावीत एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, असलेलं कॉलेज बघा. पुढे सीए, नाहीतर पदवीनंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण. निवड बारावीत करू, आज घाई नको.

आणि ते विज्ञानाचं पुस्तक परत का आलं, ते तिला कळलं का? पुढच्या पत्रात तिनेच लिहावं.