व्हाइट सॉक्सची पोरं: पिट्सबर्ग, वॉशिंग्टन आणि मधले दोन महिने

तुझा प्रश्न नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. तू 2025 च्या जुलैत शिकागोला आलास, रूममेटने व्हाइट सॉक्सची (शिकागोची मेजर लीग बेसबॉल टीम) पिट्सबर्गविरुद्धची सिरीज लावली होती, तिन्ही मॅचेस सॉक्सने जिंकल्या, तेव्हापासून तू बघायला लागलास. मग कळलं की ही तर हरणारी टीम आहे. आता सीझनच्या शेवटच्या सिरीजमध्ये वॉशिंग्टनला परत तिन्ही जिंकल्या आणि तरी सीझनचा हिशोब 60 विजय, 102 पराभव. तर ही नवीन पोरं खरंच चांगली आहेत की समोरच्या टीम्सच खराब होत्या, असं विचारतोयस.

(अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. इलिनॉय टेकला एमएस करतोयस म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस. मी 2003 पासून इकडे आहे, 2005 ची वर्ल्ड सिरीज डोळ्यासमोर जिंकलेली बघितली आणि त्यानंतरचं सगळंही.)

समोरच्या टीम्स खराब होत्या, हे आधी मान्य करून टाकू. पिट्सबर्गला आपण 10-1, 10-4, 7-2 असं धुतलं खरं, पण पिट्सबर्गची टीम, पायरेट्स, तेव्हा त्यांच्या डिव्हिजनमध्ये (पाच टीम्सचा गट) तळाला होती आणि त्यांचा हुकमी एक्का पॉल स्कीन्स त्या तीन दिवसांत एकदाही पिचिंगला आला नाही. वॉशिंग्टनची नॅशनल्सही त्यांच्या डिव्हिजनमध्ये शेवटची. आणि या दोन सिरीज बाजूला ठेवल्या तर मधल्या 59 मॅचेसमध्ये सॉक्सने 22 जिंकल्या, 37 हरल्या. म्हणजे सिरीजच्या निकालावरून पोरांना जोखायला गेलास तर जुलैत हवेत जाशील आणि ऑगस्टमध्ये टीव्ही बंद करशील, मी हे दोन्ही करून बसलोय.

मला विचारशील तर पोरगं चांगलं आहे का हा अर्धाच प्रश्न झाला. ते गाळात गेलं की क्लब त्याचं काय करतो, हा उरलेला अर्धा, आणि सॉक्सच्या बाबतीत तोच जास्त महत्त्वाचा, कारण आधीच्या वेळी आपण तिथेच मार खाल्ला.

तू तेव्हा इथे नव्हतास म्हणून सांगतो. 2016 च्या डिसेंबरमध्ये क्लबने स्टार पिचर ख्रिस सेलला विकून मोंकाडा आणि कोपेक ही तरुण पोरं आणली, मग जिओलिटो, एलॉय हिमेनेझ, लुईस रॉबर्ट, अशी नावं की आम्ही सगळे म्हणायचो आता दहा वर्षं बघायला नको. 2021 ला 93 मॅचेस जिंकून डिव्हिजन घेतली सुद्धा. 2022 ला 81-81. 2023 ला 101 पराभव. आणि 2024 ला 121 पराभव, आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनमध्ये एवढं कुणीच हरलेलं नाही, त्यातच लागोपाठ 21 मॅचेस हरलो. तीच पोरं होती रे, टॅलेंट कुठे गेलं नव्हतं. दुखापती झाल्या, बेंचवर बदली खेळाडू धड नव्हते, आणि एखाद्याची लय बिघडली की ती दुरुस्त करायची व्यवस्थाच नव्हती.

अँड्र्यू वॉनचं उदाहरण मी कुणालाही देतो. 2019 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) तिसऱ्या नंबरवर घेतलेला बॅटर, मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या पातळ्या) जेमतेम 55 मॅचेस खेळला, 2020 ला कोविडमुळे मायनर लीग झालीच नाही, आणि 2021 ला हिमेनेझ जखमी झाला म्हणून या फर्स्ट बेसच्या पोराला थेट मेजर लीगमध्ये लेफ्ट फील्डला उभा केला. चार वर्षं तो आता खेळेल, मग खेळेल असं चाललं. या वर्षी सॉक्सकडून सरासरी .189 (म्हणजे दर शंभरला जेमतेम 19 हिट), शेवटी जूनमध्ये मिलवॉकीला देऊन टाकला. तिथे पहिल्याच बॅटिंगला डॉजर्सविरुद्ध थ्री-रन होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका), आणि सीझन संपेपर्यंत त्यांच्यासाठी सरासरी .308. माणूस तोच, बॅट तीच. मला त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला आणि त्या रात्री झोप पण लागली नाही, चार वर्षं आपण याचं काय केलं हेच डोक्यात.

आता कोल्सन माँटगोमेरीकडे ये. तू लिहिलंयस की तो आल्या आल्या स्टार दिसला. तू त्याचा एप्रिल बघितला नाहीस ना! शार्लटला ट्रिपल-ए मध्ये (मायनर लीगची सगळ्यात वरची पातळी) त्याची सरासरी .149 होती, म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला गेला तर पंधरा हिट पण नाहीत. 2021 चा पहिल्या राउंडचा, इंडियानातल्या छोट्या गावातला शॉर्टस्टॉप, सगळे म्हणत होते गेला हा पण. जुना सॉक्स असता तर तसाच रोज खेळवत ठेवला असता, खेळून खेळून सुधारेल म्हणून. यावेळी त्याला मॅचेसमधून चक्क काढून अ‍ॅरिझोनाला ट्रेनिंग सेंटरला नेलं आणि बॅटिंगचा प्रमुख रायन फुलर त्याच्यासोबत बसला, रोज नेट्स, रोज मशीन, स्विंग परत पहिल्यापासून बांधली. मग पुन्हा शार्लट, आणि 4 जुलैला डेन्व्हरला मेजर लीग पदार्पण. पिट्सबर्गपर्यंत त्याचा एकही होम रन नव्हता, पहिला 22 जुलैला टँपाला, आणि नंतर थांबलाच नाही, 71 मॅचेसमध्ये 21.

म्हणून मला विचारशील तर या सीझनची सगळ्यात चांगली बातमी एप्रिल-मे मधली आहे, जेव्हा कुणी बघत नव्हतं.

पण त्याच्याबद्दल काळजी पण आहे. सरासरी .239 आणि 71 मॅचेसमध्ये 83 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), हे जास्त आहेत. पहिल्या फेरीत पिचरला त्याचं काही माहीत नव्हतं, हिवाळ्यात सगळे क्लब त्याचा प्रत्येक स्विंग बघणार, कुठे टाकला की हुकतो ते काढणार. क्रिकेटमध्ये नव्या बॅट्समनचं दुसऱ्या सीझनला होतं तेच. 2018 चा मोंकाडा आठवतो, 217 स्ट्राइकआउट, सगळ्या मेजर लीगमध्ये जास्त, आणि पुढच्याच वर्षी .315 ने खेळला. तेव्हा नुसत्या स्ट्राइकआउटवरून मी कुणाला मोडीत काढत नाही, पण 2026 च्या मे महिन्यात माँटगोमेरी तीन आठवडे अडकला तर दचकू नकोस, अडकणारच आहे.

कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) काइल टीलवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. हा पिचर गॅरेट क्रोशेच्या बदल्यात आला. तो ट्रेड झाला तेव्हा मी चिडलो होतो, आणि क्रोशेने बोस्टनकडून 18 मॅचेस जिंकून 255 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे चिडण्यासारखं होतंच. पण चार पोरं आली, त्यातली तीन याच वर्षी शिकागोत खेळली. टील 6 जूनला आला, सरासरी .273, आणि वॉक (चार बाहेरचे बॉल सोडून फुकट मिळणारा बेस) धरून बेसवर पोचण्याचं प्रमाण .375. हा दुसरा आकडा लक्षात ठेव. बाहेरचा बॉल तो सोडतो. आपल्याकडे जुने लोक ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडणाऱ्याला जो मान द्यायचे ना, तसंच आहे हे, कारण मोठा फटका आज लागेल उद्या नाही लागणार, पण नजर सहसा दगा देत नाही.

दुसरा कॅचर एडगर केरो. (तू क्वेरो लिहिलंयस, उच्चार केरो.) क्युबातल्या सिएनफ्युएगोसचा, दोन्ही हातांनी बॅटिंग करतो, 2023 ला जिओलिटो आणि लोपेझला एंजल्सकडे पाठवलं तेव्हा तिकडून मिळाला. सरासरी .268 म्हणजे बॅटिंग ठीकच आहे, पण कॅचिंगमध्ये मला अजून कच्चा वाटतो, पळणाऱ्याला सेकंड बेसवर टिपताना वेळ जातो त्याचा. दोन तरुण कॅचर एकाच टीममध्ये ठेवायचे की एकाला विकून पिचर आणायचा यावर आमच्या घरी रोज वाद होतो, मुलगी म्हणते विका, मी म्हणतो आत्ता नको. कॅचर उशिरा पिकतो, शिवाय 162 मॅचेस एका माणसाच्या गुडघ्यांवर टाकता येत नाहीत, एकाने कॅचिंग केलं की दुसऱ्याला नुसतं बॅटिंगला ठेवता येतं.

चेस माइड्रॉथबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, कारण तो होम रन मारत नाही. त्याला जरा नीट बघ. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल, फाउल, परत फाउल, पिचरला दमवून आठव्या-नवव्या बॉलला वॉक घेऊन शांतपणे फर्स्ट बेसवर. आपल्या मुंबईच्या भाषेत खडूस. असा एक तरी हवा टीममध्ये, 2021 च्या टीममध्ये नव्हता.

पिचिंगमध्ये शेन स्मिथ. याची गोष्ट मला फार आवडते. कॉलेजमध्ये कोपराचं ऑपरेशन, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही, मग मिलवॉकीच्या मायनर लीगमध्ये, तिथून सॉक्सने रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये उचलला. त्याचा नियम असा की घेतलेला खेळाडू पूर्ण सीझन मेजर लीगच्या टीममध्ये ठेवावा लागतो, नाहीतर जुन्या क्लबला परत द्यायची तयारी ठेवावी लागते, आणि किंमत फक्त एक लाख डॉलर. तो पोरगा ऑल-स्टार (सीझनच्या मध्यातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड) झाला! जूनपासून मार पण खाल्ला, अगदी ऑल-स्टारच्या तोंडावर. पण सावरला, सीझन संपताना ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढं चांगलं) 3.81. पडून उठलेला पिचर आहे म्हणून मी त्याच्यावर पैज लावेन. जिओलिटोचा 2018 चा ईआरए 6.13 होता, नियमित पिचर्समध्ये सगळ्यात वाईट, आणि 2020 ला त्याच माणसाने याच पायरेट्सविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये त्यांना एकही हिट दिला नाही. मध्ये काय झालं, तर तो ईथन कॅट्झ या आपल्या शाळेतल्या कोचकडे परत गेला आणि आर्म अ‍ॅक्शन बदलून आला. क्लबने त्या कॅट्झला नंतर पिचिंग कोच म्हणून घेतलं, आणि स्मिथ त्याच्याच हाताखाली खेळला.

ग्रँट टेलर शंभर मैलांनी टाकतो, 2025 ला बुलपेनमध्ये (मॅचमध्ये मागून येणारे पिचर) होता, तिथेच राहू दे असं माझं मत.

बाकी आउटफिल्ड रिकामं आहे, ते खोटं कशाला सांगू. एका रनाने हरलेल्या मॅचेस तीसच्या वर आहेत, त्यातल्या बऱ्याच शेवटच्या दोन इनिंगमध्ये घालवल्या, आणि त्याला तरुण पोरं हे कारण पुरत नाही, बुलपेनसाठी पैसे सोडावे लागतील. ड्राफ्टचं तर विचारू नकोस, 121 हरूनही या वर्षी दहाव्या नंबरवर पिक मिळाला, कारण मोठ्या शहराच्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं ड्राफ्टच्या वरच्या नंबरांसाठीच्या लॉटरीत जागा मिळत नाही असा नियम आहे. म्हणून हातात आहेत तीच पोरं घडवणं भाग आहे. 2025 ला डबल-ए, ट्रिपल-ए मध्ये नोआ शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ हे दोन डावखुरे पिचर होते, त्यांची नावं लिहून ठेव.

तर एप्रिलमध्ये तू सॉक्सच्या बॉलपार्कात जाशीलच, तुझ्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. थंडी बेकार असते, ब्लँकेट ने. माँटगोमेरी बॅटिंगला आला की दोन स्ट्राइकनंतर उंच फास्टबॉलवर बॅट सोडतो की थांबतो एवढंच बघ, चार-पाच मॅचेस बघ आणि मग इथे लिही, तोपर्यंत मीही टेलरबद्दलचं माझं मत बदललेलं असू शकतं.