भिंतीवरून उतरलेली चित्रं

'यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी हौसेने जमवलेली 41 चित्रं आमच्या वन बीएचकेत भिंतभर आहेत. आता नातू झालाय. सून म्हणते, निम्मी तरी काढू या. तिचं चुकत नाही, पण एक चित्र उतरवलं तरी त्यांनाच घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. गॅलरीसमोरचा जलरंगातला मेणवलीचा घाट त्यांचा फार लाडका. तोही हल्ली फिकट दिसतो.'
– एक आजी, डोंबिवली

ताई, मी तुमच्या मेणवलीपाशीच थांबले. ती फ्रेम फ्रेमवाल्याकडून उघडून घ्या आणि माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड पाहा. तिथलं आभाळ बहुतेक अजून निळं असेल. यजमानांनी घरी आणलं ते चित्र त्या रंगाचं होतं. जलरंग उजेडाने उडतो आणि उडालेला परत येत नाही. म्हणजे हे चित्र तिथे टांगून ठेवण्यातच ते रोज थोडं थोडं जातंय. ते आधी उतरवा.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव केळकरांनी त्याला दिलं. संग्रहात 20 हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्या आत आहेत, म्हणून राजाची आठवण उणी होत नाही. तुमच्या घरीही सात-आठच लावा आणि दर चार महिन्यांनी बदला. दसऱ्याला घर आवरताना एक पाळी आपोआप येईलच.

पावसाचा मारा बसणारी भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, या दोन्ही रिकाम्या राहू द्या. माझ्या माहेरी एक जुना देवीचा छापील फोटो ओल लागून काचेला असा चिकटला, की सोडवताना देवीचा हातच काचेवर राहिला. मला अजून वाईट वाटतं. म्हणून काच आणि कागद यांच्यात माउंट हवाच, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बुचाचे दोन तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. पाळण्यावर मात्र काचेची फ्रेम नको.

उतरवलेली चित्रं माळ्यावर टाकू नका, स्लॅबखाली फार तापतं. सुती कापडात गुंडाळून कपाटात उभी ठेवा, काचेला काच आणि पाठीला पाठ लावून. प्लास्टिक नको, आत दमटपणा कोंडतो.

आणि पहिली निवड सुनेला करू द्या. खिळे ठोकण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून दोघी मिळून भिंतीवर चिकटवून बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 सेंटिमीटरच्या आसपास आला की बघायला मान वर करावी लागत नाही. ती एकेक फ्रेम हातात घेईल तेव्हा तिला सांगा, हे कुठे घेतलं, कुणाकडून, त्या दिवशी तुम्ही दोघं कुठे निघाला होतात. हे आता फक्त तुम्हालाच माहीत आहे. सांगून झालं की तेच फ्रेमच्या मागच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मेणवलीपासून सुरुवात करा.