ओलाव्याने मंदावणारी लाल चमक

प्रश्न : युरोपियम या दुर्मिळ मृदा धातूचे आयन (विद्युतभारित अणू) भरलेली सच्छिद्र सिलिका (वाळूतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे संयुग) अतिनील दिव्याखाली लाल चमकते, मग दमट हवेत ठेवल्यावर ती फिकी का पडते?

उत्तर : दोष युरोपियमचा नाही, त्याच्या शेजाऱ्याचा आहे. सुमारे ६१५ नॅनोमीटरचा तो लाल प्रकाश आयनाच्या आतल्या, बाहेरील कक्षांनी झाकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे निघतो, त्यामुळे आयन ज्यात बसवला ते आधारद्रव्य बदलले तरी रंग फारसा ढळत नाही. मात्र छिद्रांत शिरलेले पाण्याचे रेणू आयनाला बिलगले, की त्यांतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने त्याची ऊर्जा गिळून तिची उष्णता करतात. साध्या पाण्यात आयनाची उत्तेजित (ऊर्जा घेतलेली, प्रकाश देण्याआधीची) अवस्था सरासरी ०.१ मिलिसेकंदच टिकते; जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचे जड रूप, ड्युटेरियम, असते), जिथे हीच कंपने संथ असल्याने ऊर्जा सहज गिळू शकत नाहीत, ती काही मिलिसेकंद टिकते! म्हणून सिलिका तापवून पाणी व छिद्रांच्या भिंतींवरचे हायड्रॉक्सिल गट (तोच ऑक्सिजन-हायड्रोजन बंध असलेले) घालवतात. अर्थात, फार तापवली तर छिद्रेच मिटतात.