थॅलेसेमियाच्या मुलीला बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर किती त्रास होईल, हे आधी कळतं का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी ६ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (सतत रक्त चढवावं लागतं तो प्रकार), मोठ्या भावाचं एचएलए, म्हणजे डोनर जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं ट्रान्सप्लांट तो ८ वर्षांचा असताना झालं, डोनर त्याची बहीण. त्या अनुभवावरून सांगते.

बरंचसं आधी कळतं. पण नुसत्या मॅचवरून नाही. आम्ही मॅच निघाल्याच्या आनंदात होतो, आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत पोट दाबून लिव्हर मोजत बसले. इटलीत पेसारोला डॉ. लुकारेल्ली यांनी अशा मुलांचे तीन क्लास पाडले, ते तीन गोष्टींवरून: लिव्हर बरगडीखाली २ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलंय का, बायोप्सीत फायब्रोसिस (लिव्हरवर व्रण धरून ते कडक होणं) आहे का, सतत रक्त चढवल्याने साठलेलं लोह उतरवायची औषधं नियमित झाली का. एकही अडचण नसेल तर क्लास १, तिन्ही असतील तर क्लास ३. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने क्लास ३ मधलीही ७ वर्षं किंवा त्यापुढची, ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या लिव्हरची मुलं जास्त जोखमीची म्हणून वेगळी काढली. तुमची मुलगी आत्ता सहाची आहे, म्हणून उगाच थांबू नका.

तिसऱ्या गोष्टीत आम्हीच नापास होतो. गोळी पाण्यात विरघळवून दिली की तो ओकायचा, मग 'आज राहू दे' असं करत आठवडे जायचे. फेरिटिन, म्हणजे अंगात लोह किती साठलंय ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, ३८०० वर गेलं होतं.

त्याची किंमत ट्रान्सप्लांटनंतर बाराव्या दिवशी कळली. तिथे सकाळ-संध्याकाळ वजन करतात, लघवी मापाच्या भांड्यात मोजतात. मला तो काटा म्हणजे उगाच सोपस्कार वाटायचा. १९ किलोचं पोर दोन दिवसांत २० च्या वर गेलं, पोट टणक, उजव्या बरगडीखाली हात लावू देईना, प्लेटलेट्स चढवल्या तरी टिकेनात. व्हीओडी, म्हणजे लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. आधीच लोहाने थकलेल्या लिव्हरला ट्रान्सप्लांटपूर्वी देतात त्या केमोचा मार सोसत नाही. वजनामुळे वेळेत कळलं, म्हणून निभावलं.

जीव्हीएचडीची, म्हणजे डोनरच्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करतात त्याची, भीती सगळ्यांनाच असते, पण सख्ख्या भावाची पूर्ण मॅच असेल तर ती बरीच कमी. भावाच्या स्टेम सेल्स (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) बोनमॅरोतून घेणार की रक्तातून, एवढं विचारा; रक्तातून घेतल्यास जुनाट जीव्हीएचडी जास्त होतो. दोघा भावंडांची सीएमव्हीची (हा एक विषाणू) तपासणीही विचारा.

जाताना मागच्या वर्षभराचे फेरिटिनचे सगळे रिपोर्ट न्या, आणि गोळ्या किती बुडल्या ते खरं सांगा. आम्ही लाजेपोटी कमी सांगितलं होतं.

आणि हो, तोवर रक्त लागलं तर प्रेमाने पुढे आलेल्या मामा-काकांचं घेऊ नका. नात्यातल्या रक्ताने तिच्या अंगात डोनरविरुद्ध अँटिबॉडीज तयार होऊ शकतात.